आईच्या पट्टीतली गिटार

आईनं अट घातली होती. जयंतीला एकच गाणं म्हणेन, सोबतीला फक्त तुझी गिटार असेल, आणि ते फसलं तर यापुढे मला कुणी माईकसमोर बोलवायचं नाही.

मोताळ्याच्या आमच्या गायन पार्टीत ती पंचवीस वर्षं गायली. अंगणवाडीचं काम, शेत, घर आणि एप्रिल जवळ आला की विहारातल्या तालमी, असं तिचं वर्ष ठरलेलं असायचं. दोन वर्षांपूर्वी तिच्या गळ्यातली गाठ काढावी लागली. गाठ साधी निघाली, पण आवाज बदलला. काळी पाचच्या उंच पट्टीत खणखणीत गाणारी बाई कितीतरी खाली उतरली. आता तिचा आवाज जाडसर आणि भरड येतो. पेटी आणि ढोलकी सुरू झाली की तो ऐकूच येईना. दोन तालमी तिनं काढल्या आणि मग स्वतःहून मागच्या सतरंजीवर जाऊन टाळ्या देत बसली. मला ते बघवेना. गोड बोलून समजूत घालणं मला जमत नाही, मी भांडते. सहा महिने भांडून ही अट पदरात पाडून घेतली.

मी धामणगाव बढ्याच्या शाळेत शिकवते आणि पार्टीत गिटार वाजवते. बाईमाणूस गिटार वाजवतं याचं गावाला कौतुक आहे, पण ती नक्की काय वाजवते हे कुणी ऐकत नाही. मागच्या ओळीत ढोलकीच्या आडोशाला बसून चुका करायची मला छान सवय लागली होती.

तो आडोसा गेला आणि पहिल्याच तालमीत कळलं की माझी गिटार वाजवत नसतानाही गुणगुणते. इलेक्ट्रिक गिटारीत तारांखाली पिकअप असतात. एक चुंबक आणि त्याभोवती केसाहून बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. वरची तार थरथरली की खालच्या वेढ्यांत वीज तयार होते आणि ती स्पीकरमधून सूर होऊन बाहेर पडते. माझ्या गिटारीत असे तीन होते, तिन्ही एकेका वेटोळ्याचे, म्हणजे वेढ्यांची एकच गुंडाळी असलेले. त्यांचा आवाज स्वच्छ आणि मोकळा, पण आजूबाजूच्या विजेची घरघरही ते ओढून घेतात. आमच्या विहाराला लागूनच पिठाची चक्की आहे. पार्टी वाजत असताना ही घरघर कधी कुणाच्या लक्षात आली नव्हती. आता आईची एक ओळ संपली, ती श्वास घ्यायला थांबली, आणि त्या रिकाम्या जागेत चक्कीच गायला लागली. चक्कीवाल्यालाच माईक देऊन टाक, असं आई म्हणाली आणि पाणी प्यायला उठून गेली.

मग मी अभ्यासाला बसले. पिकअप कुठले निवडावेत यावर जगात इतके लोक भांडतात हे मला माहीत नव्हतं. एक वेटोळ्याचे तीन ठेवा, दोन वेटोळ्यांचे दोन बसवा, एक असा आणि दोन तसे बसवा. दोन वेटोळ्यांचा पिकअप घरघर करत नाही, कारण त्याची वेटोळी एकमेकांच्या उलटी असतात. एकानं ओढलेली घरघर दुसरं खोडून काढतं. शिवाय त्याचा आवाज भरदार. खरं सांगायचं तर कॉलेजात असल्यापासून मला तोच आवाज हवा होता. आईच्या निमित्तानं मी माझी हौस भागवून घेत होते, हे तेव्हा मी स्वतःलाही सांगितलं नाही. जोडी मागवली, एक खालच्या टोकाला आणि एक गिटारीच्या मानेजवळ बसवायला; मधला जुना तसाच राहिला. गिटारीचं लाकूड पटाशीनं स्वतःच कोरलं. मानेजवळचा जुना पिकअप काढताना स्क्रूड्रायव्हर घसरला आणि त्याची तार तुटली. जाऊ दे, म्हटलं, आता त्याचं काय काम.

पुढच्या रविवारी घरघर साफ गेलेली. मी ऐटीत वाजवायला लागले. आई दोन ओळी गायली आणि थांबली.

“तुही गिटार माह्या आवाजावर बसून राह्यली,” ती म्हणाली.

मी लगेच चिडले. एवढा खर्च, एवढी मेहनत, आणि आता आवाजाचा दोष गिटारीवर! तसं मी बोलूनही गेले. आईनं चष्मा पुसला आणि सतरंजीच्या कडेला जाऊन बसली. पेटी वाजवणारे मामा म्हणाले, तुझ्या आईचा आवाज खाली उतरला, तूही गिटारीचा आवाज जाड करून तिथंच नेलास. एका बाजेवर दोघांनी झोपायचं कसं? मला ते पटलं आणि पटल्यामुळे जास्तच राग आला. आईच्या आवाजावर मी जे बोलले ते मात्र परत घेता येत नव्हतं. त्याची लाज मला अजून वाटते.

जयंतीला तीन आठवडे उरले होते. आईच्या आवाजाला मानेजवळचा तो मोकळा, जुना पिकअपच हवा होता आणि तो मी मोडून ठेवला होता. नवीन मागवायला वेळ होता, पण मला तोच हवा होता, ज्याच्यावर ती वर्षानुवर्षं गायली होती. मग मला मोटार वाइंडिंगवाले काका आठवले. बाजाराच्या रस्त्यावर त्यांचं दुकान आहे, बाहेर जळालेल्या पंपांची रास. आमच्या शेतातली पाण्याची मोटार त्यांनी तीनदा नव्यानं तार गुंडाळून भरलेली. मी तो पिकअप रुमालात बांधून नेला. काकांनी तो तळहातावर घेतला, भिंग लावलं आणि विचारलं, “याच्यानं पानी किती फेकते?”

चेष्टा संपल्यावर मात्र ते दीड तास दुसऱ्या कुणाशी बोलले नाहीत. जुन्या स्टॅबिलायझरमधून काढलेली बारीक तार त्यांच्याकडे डब्यात होती. हाताच्या मशीनवर त्यांनी वेढे भरायला घेतले, तार चारदा तुटली, चारदा पहिल्यापासून. वेढे भरता भरता मी त्यांना घरघरीची अडचण सांगितली. ते म्हणाले, मधला जुना पिकअप गिटारीत नुसताच पडून आहे ना, त्याचं चुंबक काढून टाका आणि तो याला उलटा जोडा. चुंबक नाही म्हणजे त्याला गाणं ऐकू येणार नाही, फक्त घरघर ऐकू येईल, आणि ती तो खोडून काढेल. इतके व्हिडिओ पाहून मला जे सुचलं नव्हतं, ते त्यांना तार गुंडाळता गुंडाळता सुचलं होतं.

तर अशी शेवटी माझी गिटार ठरली. खाली, पार्टीच्या गाण्यांसाठी, दोन वेटोळ्यांचा भरदार पिकअप. वर मानेजवळ आईसाठी काकांनी भरलेला जुना. आणि मध्ये तो चुंबक नसलेला. सगळं जोडून जयंतीआधीच्या शेवटच्या रविवारी मी विहारात गेले, वायर लावली, आणि घरघर पूर्वीपेक्षा दुप्पट आली.

काका त्या दिवशी तांब्याची तार आणायला खामगावला गेले होते, त्यांचा फोन लागेना. मामांनी ट्यूबलाइट बंद केली, मी प्लग उलटा करून पाहिला, स्पीकर दुसऱ्या भिंतीला नेला. चक्की जोरात सुरू होती. मी गिटार सतरंजीवर ठेवली आणि आईला म्हणाले, यंदा राहू दे, पुढच्या वर्षी बघू. हे बोलताना मला रडू फुटलं. पुढच्या वर्षीचा आवाज कसा असेल हे आम्हा दोघींपैकी कुणालाच माहीत नव्हतं.

आई शेंगा सोलत बसली होती. वडील एसटीत होते, त्यामुळे शेतातली मोटार आयुष्यभर तिनंच चालवली. तिनं विचारलं, त्या मधल्या डबीचं काम उलटं फिरायचंच आहे ना? मी मान हलवली.

“मंग ते सुलटं फिरून राह्यलं असन. दोन वायरी बदलून पाह्य.”

आमच्याकडे हे कुणालाही सांगावं लागत नाही. डीपीवर, म्हणजे गावच्या ट्रान्सफॉर्मरवर, काम झालं की मोटार उलटी फिरते, पाणी चढत नाही, आणि बाई असो की गडी, स्टार्टरवरच्या दोन वायरी अदलाबदल करून मोकळा होतो. मी हे दहाव्या वर्षी शिकले होते. काकांनी तर जन्मभर तेच केलं. पण गिटार म्हटल्यावर आम्ही दोघंही शहाणे झालो होतो. मी झाकण उघडलं, मधल्या पिकअपच्या दोन वायरी सोडवल्या, बदलून कथिलाचा डाग देऊन पुन्हा जोडल्या. स्पीकर चालू केला. बंदच असावा असं वाटून मी तारेवर बोट मारलं, आणि सूर स्वच्छ आला. भिंतीपलीकडे चक्की दळतच होती.

आईनं पदरातली टरफलं झटकली. त्या दुपारी ती अख्खं गाणं म्हणाली, मध्ये न थांबता. मी बोलले त्याबद्दल मी तिची माफी मागितली. तिनं मला मूठभर शेंगा दिल्या.

जयंतीच्या संध्याकाळी स्टेजवर पार्टी मागे सरकून बसली आणि पुढे आम्ही दोघीच. दुसऱ्या ओळीत तिचा आवाज फाटला. मी हात थांबवले नाहीत, तेच सूर पुन्हा घेतले, आणि तिनं ती ओळ पुन्हा धरली. तिनं श्वास घेतला की समोरच्या माणसांची शांतता ऐकू यायची. ते खाली उतरलेलं, भरड गाणं शेवटच्या खुर्चीपर्यंत गेलं. पहिल्या रांगेत इस्त्रीचा शर्ट घालून बसलेले काका गिटारीकडेच बघत होते.

गाणं संपलं. अटीप्रमाणे एक झालं होतं. मी पट्टा खांद्यावरून काढायला लागले, तर आईनं माझा हात धरला. माईक तोंडाजवळच होता, त्यामुळे सगळ्या मंडपानं ते ऐकलं.

“काऊन ठेवून राह्यली वं? दुसरं घे.”