भायल्यांची वकील

मंदाबाय गेल्याचं तिच्या भाचीने फोनवर सांगितलं. पुढे शोकसभेला डिचोलीला गेले, तर व्यासपीठावर सगळ्यांत आधी गळा काढला तो आमच्या जुन्या सरपंचाने! "गोरगरिबांची आई गेली," म्हणाला आणि कोरडेच डोळे रुमालाने पुसले. याच गृहस्थाने एकेकाळी भर बाजारात तिला 'भायल्यांची', म्हणजे बाहेरून आलेल्यांची, 'वकील' म्हणून हिणवलं होतं. उठून बोलावंसं वाटलं... पण त्याने तोंड लावलेल्या माईकची किळस आली. म्हणून इथे लिहिते.

आमचं वेगळं राज्य झालं त्या वर्षीची, सत्त्याऐंशी सालची गोष्ट. लाटंबार्सेच्या अलीकडे, खनिजाचे ट्रक धावायचे त्या रस्त्यावरच्या एका गावात मी मराठी शाळेत शिकवत होते. गावाचं नाव लिहीत नाही. तिथे काही चांगली माणसंही राहतात. खाणीजवळच्या खोपटांत सिंधुदुर्गातून आलेली मजुरांची कुटुंबं होती. त्यांची मुलं शाळेत नाव घालायला आली, तर हेडमास्तरांनी रहिवासाचा दाखला मागितला. तो द्यायचा सरपंचाने, आणि सरपंच देईना. मराठी वाचवायच्या मोर्चात हाच सगळ्यांत पुढे, घसा फुटेस्तोवर घोषणा देणारा! आणि मराठी बोलणारी पोरं दारात आली, तर त्यांना हाकलत होता. असल्या माणसांचं भाषेवरचं प्रेम जिभेच्या टोकावर असतं, आत उतरत नाही.

मंदाबाय माझी शाळेपासूनची मैत्रीण, तेव्हा डिचोलीच्या कोर्टात वकिली करायची. मी तिच्या कानावर घातलं आणि दुसऱ्याच दिवशी ती पंचायतीत हजर झाली.

"वकीलबाई, हीं भायलीं भुरगीं," सरपंच खुर्चीत रेलून म्हणाला. "आज हांगा, फाल्यां आनी खंय!" म्हणजे आज इथे, उद्या आणखी कुठे.

"यांचे बाप खाणीत राबतात तेव्हा चालतात तुम्हाला. पोरं तेवढी भायली?" मंदाबाय म्हणाली.

तो हसला. ते हसू मला अजून आठवतं... दात दिसत होते, लाज कुठेच नव्हती.

तिने मुलांच्या आईबापांच्या वतीने दावा लावला. लगेच ट्रकवाल्यांनी आपले खटले तिच्याकडून काढून घेतले. कोर्टातले तिचे सहकारी, स्वतःला विद्वान म्हणवणारे, 'भावनेच्या भरात करिअर घालवतेय' म्हणून हळहळले; मदतीला एकही आला नाही. हेडमास्तरांनी तर शपथेवर सांगितलं, वर्गात जागा नाही. साक्षीला मी उभी राहिले. अर्धे बाक रिकामे होते, तेवढंच सांगितलं. निकाल मुलांच्या बाजूने लागला.

पण हेडमास्तर भलतेच हुशार! मुलांना शाळेत घेतलं आणि व्हरांड्यात बसवलं, ट्रकची लाल धूळ खात. दुसऱ्या दिवशी मंदाबाय काळा कोट घालूनच आली, मुलांमध्ये फरशीवर बसली आणि त्यांच्याकडून खड्या आवाजात पाढे म्हणून घेऊ लागली. आतल्या वर्गाला मास्तरांचं एक अक्षरही ऐकू येईना. रस्त्यावर माणसं थांबली. शेवटी हेडमास्तर बाहेर आले.

"बाई, आत या..."

"मी नाही. ही," मंदाबायने मुलांकडे बोट दाखवलं. मुलं आत गेली, बाकांवर बसली, तेव्हाच ती उठली.

त्या साक्षीपायी माझी बदली झाली थेट पेडण्याच्या टोकाला, केरीला. पहिल्याच रविवारी ती बस बदलत तिथे आली. "वाईट वाटतंय?" तिने विचारलं.

"राग येतोय," मी म्हटलं.

"तो जपून ठेव. मला लागेल. अजून दोन गावांत हेच चाललंय."

त्या गावांतलीही पोरं तिने शाळेत बसवली. तेव्हा तिला टाळणारे सगळे शोकसभेत पहिल्या रांगेत होते, पांढऱ्याशुभ्र कपड्यांत.

सभा संपली. चहा-समोशांवर गर्दी उसळली, तशी मी आणि भाची बाजारातल्या मंदाबायच्या ऑफिसकडे निघालो. भाचीही आता वकिली करते. जिन्यावर एक बाई मुलीला घेऊन बसली होती. कोल्हापूरकडची, बांधकामावरची, साडीला सिमेंट लागलेलं.

"वकीलबाई कवा येणार? पोरीला साळंत घेईनात."

भाचीने कुलूप काढलं, पंखा लावला, दोघींना आत बसवलं.

"त्या आता नाहीत. मी बघते," ती म्हणाली आणि मुलीकडे वळली. "नाव काय गो तुझं?"

मुलगी पुटपुटली.

"मोठ्याने सांग. शाळेतल्या साहेबासमोर पण असंच सांगायचं आहे."

मुलीने आईकडे पाहिलं आणि खोली भरेल एवढ्या आवाजात आपलं पूर्ण नाव सांगितलं.