तिच्या नावाची माशी

सुरवंटाच्या अंगात वाढून त्याचाच जीव घेणाऱ्या एका माशीला तिचं नाव होतं. ती जन्मली त्या वर्षी बाबांनी ही जात नवी म्हणून जाहीर केली आणि हौसेनं लेकीचं नाव देऊन टाकलं. शाळेत पोरींनी त्यावरून तिला सळो की पळो करून सोडलं. लग्नानंतर नवऱ्यालाही आयता विषय मिळाला. पण माश्यांचं वेड तिलाही लागलंच, आणि आता संग्रहालयात बाबांच्याच खोलीत, त्यांच्याच खुर्चीवर ती बसायची.

भिंगाला डोळा लावला की ती हरवूनच जाई. दिव्याच्या पिवळ्या उजेडात माशीची पाठ एखाद्या निवांत माळासारखी पसरत जाई आणि त्यावर काळे, राठ केस रांगेनं उभे दिसत. कुठल्या रांगेत किती केस, यावर जात ठरते. ती त्या माळावर हळूहळू हिंडे. चहा गार होई, कोणी हाक मारली तर ती दुसऱ्याच कुणाला मारली असेल असं वाटे.

त्या दुपारी अशीच हिंडत ती स्वतःच्या माशीपाशी आली. बाबांनी टाचणीवर लावलेली, जिच्यावरून जात जाहीर केली ती पहिलीवहिली. एका जुन्या जातीहून हिचा फरक एवढाच, की पाठीच्या टोकाला केसांची मधली जोडी नव्हती. तिनं दिवा सहज तिरका केला आणि तिथं दोन बारीक खळगे दिसले. केस मुळातच नसेल तर खळगा नसतो, गळला असेल तरच राहतो. म्हणजे ही नवी जात नव्हतीच, केस गळलेली, जुन्याच जातीची माशी होती.

आपलं नाव पुसलं जाईल, याचं तिला काही नव्हतं. पण बाबा अजून येईल त्याला, अगदी दूधवाल्यालासुद्धा, त्या माशीची गोष्ट ऐकवायचे. गप्प बसावं का? पण डोळे मिटले तरी ते खळगे समोरून हलेनात.

संध्याकाळी ती माहेरी गेली. बाबा खिडकीशी बसले होते. तिनं आढेवेढे न घेता सांगून टाकलं.

"दोन्ही खळगे?"

"दोन्ही. अगदी स्पष्ट आहेत, बाबा."

बाबांचा चेहरा उतरला.

"इतके स्पष्ट, आणि मला दिसू नयेत?"

"जाऊ द्या ना आता."

"थांब, आठवू दे." त्यांनी डोळे मिटले. "नमुने घरी आणले होते मी. तुझी आई दमून झोपलेली आणि तू माझ्या मांडीवर, पंधरा-वीस दिवसांची. भिंगात बघायला लागलो की तू चुळबुळायचीस. मग तुझ्याकडे बघायचो." ते ओशाळं हसले. "तुझ्याकडेच जास्त बघितलं गेलं गं. लिही तू. चूक ती चूक."

त्यांची समजूत कशी घालायची, हे तिनं वाटेत मनाशी घोळवलं होतं. ते सगळं बाजूलाच राहिलं. बाबांचा हात धरून ती लहान पोरीसारखी हमसून हमसून रडली.