माझ्या नाकाची बाजू मशीननं घेतली

मैत्रिणींनो, आज नारायणगावच्या एका दवाखान्यात माझ्या नाकातून किती हवा जाते ते मशीननं मोजलं.

डावी नाकपुडी बंद असते, हे मी वर्षानुवर्षं सांगतेय. त्यावर आमच्या ह्यांचं ठरलेलं उत्तर, "तुला नाक मुरडायची सवयच आहे."

मला मास्क लावून तिथली मुलगी म्हणाली, "आजी, आता तोंड बंद. बोलायचं न्हाई." कॉन्व्हेंटच्या सिस्टरना दहा वर्षांत जमलं नाही, ते तिला एका वाक्यात जमलं!

हे खूश. "ताई, रोज घरी येत जा."

तेवढ्यात पडद्यावर डावीकडची रेघ जवळजवळ आडवी झाली.

"आजोबा, लई अडलंय ओ. आजी खरंच सांगत व्हत्या."

घरी येताना हे पुटपुटले, "चुकलं." मी ते दोनदा म्हणायला लावलं.

पण मला सांगा, बाईनं नुसतं सांगून का पुरत नाही?