चहाचा रकाना

गरीब माणूस गरीब का असतो, याचं उत्तर मला वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी पाठ होतं. आळस, व्यसन, लग्नातला खर्च, अज्ञान आणि चहा. या पाच कारणांवर मी चिंचवडच्या गणेशोत्सवात पाऊण तास व्याख्यान दिलं होतं. समोर सतरंजीवर बसलेल्यांपैकी निम्मे लोक दिवसभर कारखान्याच्या पायासाठी माती वाहून आलेले होते. त्यांच्यापुढे मी आळसावर बोललो. काहींना बसल्या जागी झोप लागली. त्या झोपलेल्या माना पाहून माझं पहिलं कारण सिद्ध झालं, असं मला मनापासून वाटलं.

पाचवं कारण माझं स्वतःचं होतं आणि त्याचा मला फार अभिमान होता. ज्याच्या घरात चहा-साखर येते त्याची गरिबी खरी नव्हे, हौसेची असते, असं एक वाक्य मी घोकून ठेवलं होतं. त्याला टाळ्या पडल्या. पहिली टाळी अध्यक्षांची होती. ते गावातले मोठे बागाईतदार. त्यांची बरीच जमीन कारखान्यासाठी गेली होती, तिचा मोबदला मिळाला होता, आणि तेव्हापासून त्यांना समाजकार्याची गोडी लागली होती. व्याख्यानानंतर त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाले, "राव, तुमच्यासारखा विचार करणारा माणूस आम्हाला पाहिजे." एवढ्यावर मी विकला गेलो. त्याहून जास्त किंमत माझी मलाही वाटत नव्हती.

इथे एक गोष्ट सांगून टाकतो, कारण ती मी बरीच वर्षं लपवली. मी स्वतः वार लावून शिकलेला. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या, असं सात घरांचं जेवून मॅट्रिक झालो. त्या सात घरांतल्या एकाही बाईनं मला वाढण्याआधी कागद भरून घेतला नव्हता. कारखान्यात कारकुनाची नोकरी लागली, दोन खोल्या मिळाल्या, सायकल घेतली, आणि मी गरिबीच्या कारणांचा अभ्यासक झालो.

त्या वर्षी बांधकामावर दोन-तीन अपघात झाले. जखमी माणसं ठेकेदाराची रोजंदारीवरची. ठेकेदार म्हणाला, रोजची माणसं, आज आहेत उद्या नाहीत. कारखान्यातले साहेब म्हणाले, माणसं ठेकेदाराची, आमच्या हजेरीपटावर त्यांची नावं नाहीत. दोघांचंही म्हणणं कागदावर बरोबर होतं. मग गावात कुजबुज वाढली तसे अध्यक्षसाहेब पुढे झाले आणि गरजू कुटुंबांसाठी एक समिती निघाली. अध्यक्ष ते, सभासद शाळेचे हेडमास्तर आणि आणखी दोघे-तिघे, चिटणीस मी. दहा कुटुंबांना तीन महिने पुरतील इतके जोंधळे द्यायचे ठरले. कोणती दहा, हे ठरवण्यासाठी छापील अर्ज हवा, ही सूचना माझी. अर्जाचा मसुदाही माझाच. जमीन, जनावरं, दागिने, व्यसन, घरातली स्वच्छता असे रकाने पाडले आणि शेवटचा चहा-साखरेचा. प्रत्येकापुढे 'आहे' किंवा 'नाही' एवढंच लिहायचं.

रविवारी सकाळी सायकलवर टांग टाकून मी गरिबी मोजायला निघालो. निगडीकडे जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला दहा-बारा झोपड्यांची एक ओळ होती. पहिल्याच झोपडीत बाजेवर एक तिशीचा माणूस पडून होता. मांडीपासून पावलापर्यंत पाय प्लास्टरमध्ये. बांधकामावरची फळी मोडून तो खाली आला होता. उशाशी त्याची म्हातारी आई, चुलीपाशी बायको.

"या भाऊसाहेब," म्हातारी म्हणाली. "मालकांनी धाडलं व्हय?"

"समितीनं पाठवलंय."

"म्हंजी मालकांनीच," ती म्हणाली आणि घोंगडी झटकून अंथरली.

मी अर्ज उघडला. मुलगा दारू पितो का, असं विचारलं. तो समोर पडलेला असताना, त्याच्या आईला विचारलं.

"आता कशाची दारू? पानी बी आमीच पाजतोय त्याला."

"दागिने?"

सुनेनं मान खाली घातली. गळ्यात दोऱ्यात ओवलेले काळे मणी होते, दुसरं काही नव्हतं. म्हातारी म्हणाली, "मनी हायेत. लिवा. कपाळाला कुकू हाय, त्ये बी लिवा."

बाजेवरचा माणूस हसला. मी हसलो नाही. मला वाटलं, मदत मागणाऱ्यानं जरा नरम बोलावं.

"जमीन?"

"व्हती. म्हंजी मालकांची व्हती, कसत आमी व्हतो. ह्याच्या आज्यापासनं. मंग कूळकायदा येतोय म्हनून बोलनं निघालं, तवा मालकांनी अंगठा घेतला. म्हनले, कागुद माज्याकडं ऱ्हाऊ दे, तुमाला कटकट नगं. पुढं कारखाना आला."

"मग?"

"मंग काय? पैकं मालकांला आनि माती आमाला. जिथं ह्यानं औत धरलं तिथंच ह्यो मातीच्या पाट्या उचलत व्हता."

"आई, गप," बाजेवरचा म्हणाला. "भाऊसाहेबांना ह्ये कशाला?"

जमिनीच्या रकान्यात मी 'नाही' लिहिलं. उत्तर अचूक होतं. असलेली जमीन नाहीशी कशी झाली, याला माझ्या अर्जात जागा नव्हती. पाऊण तासाच्या व्याख्यानातही नव्हती.

मी उठू लागलो तशी म्हातारी आडवी आली. "च्या घेतल्याबिगर जायाचं न्हाई. पैल्यांदा आलाय."

मी नको म्हणालो; पण नुसतं तोंडानं. म्हातारीनं सुनेकडे पाहिलं. सुनेनं फळीवरची वाटी उचलली, पदराखाली धरली आणि मागच्या बाजूनं बाहेर गेली. मी हे पाहिलं. पलीकडच्या झोपडीतून कुजबुज ऐकू आली. मधे तट्ट्याची भिंत, ऐकू न येऊन काय होतं? "वाटीभर दे गं. सायब आलाय." सून परत आली तेव्हा वाटी पदरानं झाकलेली होती.

घरातल्या एकुलत्या एक कपबशीतून मला चहा मिळाला. पाहुण्यासाठी साखर दुप्पट घातली होती. असा गोड चहा मी घरीही पीत नव्हतो. बशीत ओतून सावकाश प्यालो.

निघताना म्हातारी दारापर्यंत आली. "मिळंल न्हवं भाऊसाहेब? तीन म्हैनं निघालं की प्लास्टर निघतंय, मंग त्यो उभा ऱ्हाईल. न्हाईतर वीटभट्टीचा मुकादम दोनदा यिऊन गेलाय. तसाच चल म्हनतोय. तसा गेला तर पाय जातोय बगा."

"बघू," मी म्हणालो.

बाहेर येऊन सायकलच्या सीटवर अर्ज ठेवला आणि शेवटच्या रकान्यात लिहिलं: 'आहे'.

का लिहिलं, याची कारणं मी नंतर स्वतःला पुष्कळ सांगितली. घरं अकरा, द्यायचं दहांना. एक गाळायचंच होतं. शिवाय चहा मिळाला होता, त्यात साखर होती, तेव्हा खोटं काहीच नव्हतं. पण खरं कारण याहून हलकं होतं. अंगठ्याची ती हकिगत ऐकल्यावर हे कुटुंब अध्यक्षांच्या यादीत येऊ नये, असंच मला वाटलं. यादी वाचताना त्या नावापाशी ते अडखळतील, माझ्याकडे पाहतील, हा काय ऐकून आला म्हणून. ज्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला त्यांना अवघड वाटू नये, म्हणून मी एका माणसाचा पाय मोडका ठेवायला तयार झालो.

पुढच्या झोपडीत एक विधवा बाई होती. तिनं चहाचं विचारलं नाही. मी साखरेचा डबा उघडून दाखवायला सांगितला, तर रिकामा निघाला. 'नाही' असं लिहून, एक खरी गरजू मिळाल्याच्या समाधानानं मी पुढे गेलो.

समितीची बैठक अध्यक्षांच्या ओसरीवर झाली. आल्याबरोबर चहा झाला, यादी निघाल्यावर पुन्हा झाला, बशीत बिस्किटंही होती. त्या माणसाचं नाव आलं. अध्यक्ष अडखळले नाहीत. मी उगीच घाबरलो होतो. ते नाव त्यांच्या लक्षातही नसावं, किंवा असून नसल्यासारखं करण्याची त्यांना सवय असावी.

"यांच्याकडे चहा-साखर आहे?" त्यांनी विचारलं.

"आहे."

"मग वगळा. तुमचाच सिद्धांत आहे, राव."

हेडमास्तर बिस्कीट बुडवता बुडवता म्हणाले, "पण त्याचा पाय मोडलाय म्हणे."

"पाय मोडल्यावर साखर परवडायला लागते काय, मास्तर?"

सगळे हसले. मीही हसलो. हेडमास्तरांनी माझ्याकडे एकदा पाहिलं. तू घर पाहून आलास, तू सांग, असा तो अर्थ मला कळला. साखर उसनी होती, एवढंच म्हणायचं होतं. मी ते म्हणालो नाही. हेडमास्तरांचं बिस्कीट कपात पडलं आणि ते चमच्यानं शोधू लागले.

शेवटी अध्यक्ष म्हणाले, गरिबांची जबाबदारी समाजावर आहे, पण ती पात्र गरिबांपुरती. मी ते इतिवृत्तात शब्दशः उतरवून घेतलं आणि खाली रेघ मारली.

दोन आठवडे माझ्या तोंडातून त्या चहाची गोडी जाईना. मी पश्चात्ताप करत होतो, असं म्हणायला छान वाटतं. खरं तर मी कोणी बोलतंय का, याची वाट पाहत होतो. कोणी बोललं नाही. तेव्हा एका रविवारी घरातलेच पायलीभर जोंधळे पिशवीत घालून हँडलला अडकवले आणि गेलो.

झोपडीच्या दाराचा तट्ट्या सुतळीनं बांधलेला होता. शेजारची विधवा बाई बाहेर भांडी घासत होती.

"हे लोक कुठं गेले?"

"भट्टीवर. गेल्या बाजाराच्या दिशी. त्याला उचलून गाडीत घातला, पायाच्या प्लास्टरासकट. बायको विटा थापनार, मुकादम म्हनतो, त्यानं बसून चिखल कालवावा."

"आणि म्हातारी?"

"लेकीकडं, निघोज्याला. जल्मात लेकीच्या घरचं पानी प्याली न्हवती. आता भाकरीला गेलीया." तिनं पिशवीकडे पाहिलं. "ह्ये काय हाय?"

"जोंधळे."

"आता व्हय?"

मी पिशवी हँडलवरून काढली. ती राखेचा हात तसाच ठेवून माझ्याकडे बघत राहिली.

"तुमीच न्हवं त्या दिशी च्या प्याला? साखर माज्याकडनं नेली व्हती. डब्यात व्हती न्हवती तेवढी दिली तिला. मंग तुमी माज्या घरी आला, डबा बगितला, रिकामा. म्हनून मला जोंधळं मिळालं." ती हसली, मला ऐकू यावं असं. "ज्याच्या घरी तुमी च्या प्याला त्यो उपाशी, आनि जिनं विचारला न्हाई तिला धान्य. चांगला न्याव हाय तुमचा. मी निम्मं दिलं तिला. पन निम्म्यात तीन म्हैनं कसं निघनार?"

मी पिशवी तिच्या उंबऱ्यापाशी ठेवू लागलो.

"मला नगं. मला मिळाल्यात. म्हातारीला न्या." मग भांडी बाजूला सारून म्हणाली, "बसा. च्या टाकते."

"नको, नको."

"का? आज कागुद न्हाई आनला?"

मी बसलो. तिनं चहा दिला. कप नव्हता, पितळीत दिला. एक घोट घेतला तशी म्हणाली, "गुळाचा हाय. गूळ लिवत्यात का तुमच्यात?"

निघोजे काही परदेशात नव्हतं. सायकलनं दोन तासांची वाट, मधे नदी. त्या दिवशी ऊन फार होतं म्हणून गेलो नाही. पुढच्या रविवारी पाहुणे आले. त्यानंतर म्हातारी समोर आली तर काय बोलायचं, हे ठरेना. पिशवी पंधरा दिवस दाराआड टांगलेली होती. एके दिवशी बायकोनं ती काढून दळणात टाकली. भाकऱ्या चांगल्या झाल्या. मी जेवलो.

त्या माणसाचं पुढे काय झालं, ते मला माहीत नाही. माहीत नाही, कारण मी विचारलं नाही. कारखान्याच्या फाटकाशी कोणी लंगडत आलं की मी मान खाली घालून हजेरीपट चाळू लागे, एवढं मात्र आठवतं.

पुढच्या गणेशोत्सवात अध्यक्षांनी पुन्हा तेच व्याख्यान द्यायला सांगितलं. विषय लोकांना फार आवडला होता म्हणाले. आदल्या दिवशी मी टिपणं काढून बसलो. सहावं कारण म्हणून जमीन घालावी, असं एकदा मनात आलं. पेन्सिलीनं लिहिलं आणि खोडरबरानं पुसलं. मग चहाचं कारण तेवढं काढून टाकलं, बाकीची चार होती तशीच ठेवली, आणि व्याख्यान दिलं.