एप्रनच्या खिशातली कुपी

आधीच्या मेट्रन वॉर्डात शिरल्या की झोपलेले पेशंटसुद्धा पाय सरळ करून निजत, असं त्या हॉस्पिटलात अजून सांगतात. आताच्या मेट्रनबाई तेव्हा नुकत्याच लागलेल्या सिस्टर होत्या. एका पेशंटचं सलाईन संपलेलं त्यांनी वेळेवर पाहिलं नाही, तर त्या थोर बाईंनी त्यांना तीस खाटांच्या मधोमध उभं केलं आणि अर्धा तास शब्दांनी सोलून काढलं. पेशंट बघत होते, त्यांना भेटायला आलेले बघत होते, एकानं तर नीट दिसावं म्हणून उशी उंच करून घेतली. पुढे आठवडाभर ही पोरगी चादरींच्या खोलीत जाऊन रडायची. रडणं थांबलं तेव्हा ती चुका लपवायला शिकली होती. तिथं सगळ्याच ते शिकलेल्या होत्या.

सत्तावीस वर्षांनी तीच खुर्ची वाट्याला आली, तेव्हा मेट्रनबाईंनी पहिलं काम काय केलं असेल, तर एक दोनशे पानी वही आणली. निळ्या पुठ्ठ्याची, दोरीला पेन्सिल बांधलेली. चूक झाली की तीत लिहायची. नाव घातलंच पाहिजे असं नाही. दर सोमवारी सव्वाआठला सगळ्यांनी जमायचं, आणि सगळ्यांनी म्हणजे डॉक्टर, सिस्टर, मावशी, मामा, आचारी, लिफ्टवाला, सगळ्यांनी. वही मोठ्यानं वाचायची. कुणी कुणाला रागवायचं नाही. एकच प्रश्न विचारायचा, "पुन्हा होऊ नये म्हणून काय करायचं?"

डॉक्टर लोकांनी नाकं मुरडली. "आता लिफ्टवाला आम्हाला वैद्यकी शिकवणार!" लिफ्टवाल्यानं खरंच शिकवली. ऑपरेशनला नेताना पेशंट वर जातो आणि त्याचे कागद खाली राहतात, हे रोज बघणारा तो एकटाच होता. स्ट्रेचरला कागदांसाठी एक कप्पा लावला आणि तो घोळ मिटला. अशा बारीकसारीक गोष्टींनी चार वर्षांत हॉस्पिटलाचा चेहरा बदलला. बाहेरगावची माणसं वही बघायला येऊ लागली. मेट्रनबाईंना ते आवडायचं. का आवडू नये? पण जरा जास्तच आवडायचं, हेही सांगून टाकलेलं बरं.

एका गुरुवारी दुपारी तीन नंबरच्या वॉर्डात दोन सिस्टर आल्या नव्हत्या. मेट्रनबाईंनी पदर खोचल्यासारखं करून स्वतःच इंजेक्शनांचा ट्रे उचलला. चौदा नंबरच्या खाटेवर एक निवृत्त बसड्रायव्हर होते, सकाळपासून ओकून ओकून हैराण झालेले. कपाटात दोन खोकी शेजारी शेजारी होती. एकात उलटी थांबवायचं औषध, दुसऱ्यात गुंगीचं. दोन्हीच्या कुप्या बोटाच्या पेराएवढ्या, दोन्हींवर निळी अक्षरं. बाईंचा चष्मा डोक्यावर, केसांत होता. सुई बाहेर काढून रिकामी कुपी टाकायला वळल्या, तेव्हा त्यांनी चष्मा खाली ओढला. कुपीवर गुंगीच्या औषधाचं नाव होतं.

त्या पळून गेल्या नाहीत, एवढं त्यांच्या बाजूनं म्हणायला हवं. सहज बसल्यासारखं दाखवत त्या दोन तास ड्रायव्हरांच्या उशाशी बसल्या. नाडी बघितली, श्वास मोजला. ड्रायव्हर ढाराढूर झोपले. उठले तेव्हा ओकारीही थांबलेली होती. "आठ दिवसांनी झोप लागली बघा," ते म्हणाले. "तुमच्या हाताला गुण आहे हो बाई." त्यांच्या बायकोनं हात जोडले. मेट्रनबाईंना वाटलं, त्यापेक्षा या दोघांनी थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं.

मग त्या वहीपाशी गेल्या. पेन्सिल हातात घेतली. मंगळवारी आठ हॉस्पिटलांमधली माणसं वही बघायला येणार होती आणि त्यांच्यापुढे मेट्रनबाईंचंच भाषण होतं. ताजं पान त्यांच्याच चुकीचं निघालं तर? एकदा मंगळवार होऊन जाऊ दे, मग लिहू, असं त्यांनी ठरवलं. पेन्सिल खाली ठेवली. रिकामी कुपी डब्यात टाकायची, ती एप्रनच्या खिशात टाकली. ती खिशात का टाकली, ते त्यांना तेव्हाही नीट माहीत होतं.

एप्रन धुवायला पाठवण्याआधी खिसे रिकामे करायचं काम तीन नंबरच्या मावशींचं. दुसऱ्या दिवशी सकाळी मेट्रनबाईंच्या टेबलावर दोन पेनं, केसांचा एक आकडा आणि ती कुपी ओळीनं मांडलेली होती. कुपी पुसून ठेवली होती. कुपीवरचं नाव बाहेर, वाचता येईल असं.

"खिशात राहिलं होतं," फरशी पुसता पुसता मावशी म्हणाल्या.

"हो का? बरं झालं," मेट्रनबाई म्हणाल्या आणि कुपी खणात सरकवली.

मावशी औषधांची नावं अठ्ठावीस वर्षं वाचत आल्या होत्या. चौदा नंबर दुपारभर का झोपला, हे त्यांना विचारावं लागलं नाही. मंगळवारी मेट्रनबाई तासभर बोलल्या. "चूक झाली की ताबडतोब सांगायची, उद्यावर ढकलायची नाही," असं म्हणाल्या तेव्हा मावशी पाण्याचा ट्रे घेऊन दारात उभ्या होत्या. दोघींची नजरानजर झाली. मेट्रनबाईंनी पुढचं वाक्य कागदावर बघून वाचलं. टाळ्या भरपूर पडल्या. लिहायचं मात्र त्या दिवशीही राहिलं, आणि मग दुसऱ्या दिवशीही.

त्यानंतर वहीत कुणी काही लिहिलं नाही. मावशी कुणाजवळ बोलल्या असतील, नसतीलही. पण पुढच्या सोमवारी वही उघडली तर पान कोरं. मोठे डॉक्टर खूष झाले. "वा! अख्ख्या आठवड्यात एकही चूक नाही! बाई, तुम्ही तर कमाल केलीत!" आचारी छताकडे बघत होता. तीनशे पेशंटांच्या हॉस्पिटलात आठवडाभर चूक होत नाही, हे त्या खोलीत एकट्या मोठ्या डॉक्टरांनाच खरं वाटलं.

त्याच आठवड्यात शनिवारी दुपारी तीन नंबरमधल्या नव्या सिस्टरनं, तिला लागून दोनच महिने झाले होते, दम्याच्या एका आजींना उलटीचं इंजेक्शन दिलं. म्हणजे तिला वाटलं की दिलं. तेच कपाट, तीच खोकी, तीच निळी अक्षरं. ड्रायव्हर धडधाकट गडी होते, म्हणून गुंगी पचवून उठले. आजींचा श्वास आधीच अपुरा. तो मंदावत गेला आणि त्यांना धावपळ करून वर अतिदक्षता विभागात, मशीनवर न्यावं लागलं.

संध्याकाळी नवी सिस्टर मेट्रनबाईंच्या टेबलापुढे उभी राहिली. डोळे सुजलेले. "मी वहीत लिहिलंय, बाई. सही करून लिहिलंय. सोमवारनंतर मी येणार नाही. माझी लायकीच नाही या कामाची." मेट्रनबाईंचा हात खणाच्या कडीवर होता. खण उघडायचा आणि सांगायचं, एवढंच करायचं होतं. "सोमवारी बोलू," त्या म्हणाल्या. पोरगी गेली ती चादरींच्या खोलीच्या दिशेनं गेली. मेट्रनबाईंनी तिला जाताना बघितलं आणि शरमेनं त्यांच्या कानांच्या पाळ्या तापल्या.

रविवारी त्या दोनदा वर जाऊन आल्या. काचेतून आजी दिसत होत्या, तोंडात नळी, हात बांधलेले, झोपेत ओढू नयेत म्हणून. आजींची मुलगी बाकावर बसून होती. तिच्याशेजारी बसायची मेट्रनबाईंना हिंमत झाली नाही.

सोमवारी सव्वाआठला सगळे जमले. मेट्रनबाईंनी नव्या सिस्टरचं पान वाचलं. वाचून झालं तरी त्या खाली बसल्या नाहीत. खणातून आणलेली ती कुपी त्यांनी एप्रनच्या खिशातून काढली आणि वहीवर ठेवली.

"हिच्या आधी एक पान लिहायचं राहिलंय. ते माझं आहे," त्या म्हणाल्या. "हीच चूक अठरा दिवसांपूर्वी मी केली. चौदा नंबरच्या ड्रायव्हरांना. मी तेव्हा लिहिलं असतं, तर तुम्ही सगळ्यांनी त्याच सोमवारी ती खोकी वेगळी करायला लावली असती. मी नाही लिहिलं. मला भाषण करायचं होतं. मला लाज वाटते."

मोठे डॉक्टर गडबडले. "बाई, हे आपण नंतर माझ्या खोलीत..."

"नाही, साहेब. वही इथंच वाचायची असते."

नवी सिस्टर त्यांच्याकडे बघत राहिली. ती रडली नाही. "अठरा दिवस तुम्हाला माहीत होतं?" तिनं विचारलं. "शनिवारी मी तुमच्यासमोर उभी होते तेव्हाही?"

"हो."

मेट्रनबाई वाट बघत उभ्या राहिल्या. कुणीतरी ओरडावं, तोंडाला येईल ते बोलावं, अर्धा तास सोलून काढावं, असं त्यांना फार फार वाटलं. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना त्या जुन्या मेट्रनची आठवण आधारासारखी आली. पण इथं कुणी कुणाला रागवायचं नाही हा नियम त्यांनीच केला होता, आणि चार वर्षांत तो लोकांच्या चांगलाच अंगवळणी पडला होता. नवी सिस्टर मान खाली घालून बसली.

शेवटी मावशींनी तो प्रश्न विचारला, नेहमीच्या आवाजात. "पुन्हा होऊ नये म्हणून काय करायचं?"

"गुंगीचं खोकं खालच्या कप्प्यात," मेट्रनबाई कशाबशा म्हणाल्या. "लाल चिठ्ठी लावून."

मावशी उठल्या, नव्या सिस्टरला बरोबर घेतलं आणि तीन नंबरमध्ये गेल्या. बाकीचे बसून राहिले. भिंतीवरचं घड्याळ समोरच होतं, त्यामुळे मेट्रनबाईंना ते बघावंच लागलं. दोघी खोकं हलवून, चिठ्ठी चिकटवून परत आल्या, तेव्हा जेमतेम चार मिनिटं झाली होती.