मिग्दालियाने घासलेली सिलिंडरं

माझ्या बायकोचं नाव मिग्दालिया. सान्तियागोच्या आमच्या चढावरच्या गल्लीत तिला सगळे नखंवाली म्हणून ओळखतात आणि मला उस्ताद म्हणून. यातलं दुसरं खोटं आहे. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे सांगायची हिंमत राहील की नाही, माझा मलाच भरवसा नाही.

साखर कारखाना बंद पडला तेव्हा मी तिथल्या वर्कशॉपात फिटर होतो. घरी बसल्यावर रिकिंबिलीचं काम धरलं. रिकिंबिली म्हणजे सायकलच, फक्त दांड्याखाली छोटं टू-स्ट्रोक इंजिन बसवलेली. कुणाचं फवारणीच्या पंपाचं, कुणाचं झाडं कापायच्या करवतीचं. ही इंजिनं मुळात आळशी. सिलिंडरच्या भिंतीत खिडक्या असतात, काही पेट्रोल आत घ्यायला आणि एक धूर बाहेर टाकायला. त्या बेताने मोठ्या केल्या, वाटा गुळगुळीत केल्या, काठाची धार मोडली की तेच इंजिन अंगात आल्यासारखं पळतं. याला आम्ही पोर्ट घासणं म्हणतो. पण काम केसाच्या जाडीचं. जास्त घासलं की कपाळाला हात, कारण घासलेला धातू परत चिकटवता येत नाही आणि नवं सिलिंडर आमच्याकडे मागून मिळत नाही.

माझी बोटं बघाल तर हसाल. केळ्याएवढी जाड. त्या चिमुकल्या सिलिंडरात अंगठा घातला की आतलं काही दिसायचं नाही. पहिली दोन सिलिंडरं मी सपशेल वाया घालवली. तिसऱ्याला हात घालणार तेवढ्यात मिग्दालिया, जी समोर बसून शेजारणीची नखं रंगवत होती, म्हणाली, "आण इकडे. तुझं मला बघवत नाही."

तिच्याकडे बहिणीने परदेशातून पाठवलेलं नखं घासायचं छोटं यंत्र होतं, आणि दातांची डॉक्टरीण गिऱ्हाईक असल्यामुळे तिच्याकडच्या दात कोरायच्या टाकाऊ बारीक फिरक्या. शाळेच्या वहीचं पान गुंडाळून तिने सिलिंडरात घातलं, वरून पेन्सिल फिरवली, आणि सगळ्या खिडक्यांचा नकाशा कागदावर उतरला. मग पट्टी घेऊन मापं. मला विचारलं, ही कशासाठी, ती कशासाठी. मला जेवढं माहीत होतं तेवढं मी एका दुपारी सांगितलं. महिन्याभरात ती मला सांगायला लागली.

हे गल्लीत सांगायचं नाही, असं काही आम्ही ठरवलं नव्हतं. पहिलं गिऱ्हाईक आलं, इंजिन चालू करून बघितलं आणि म्हणालं, वा उस्ताद, काय हात आहे तुमचा! मी फक्त हसलो. खोटं बोललो नाही, हसलो. दुसऱ्या वेळी मान डोलावली. तिसऱ्या वेळेपासून मी उस्तादच होतो. मिग्दालिया दुपारी बायका गेल्या की आतल्या टेबलावर घासायची आणि मी बाहेर ओट्यावर डॉमिनोचे ठोकळे लावत तेच काम कसं नाजूक असतं ते लोकांना समजावून सांगायचो. अकरा वर्षं. लाज वाटायला हवी होती, पण सवय झाली की लाजही बसून घेते.

अकराव्या वर्षी आमच्या डॉमिनोच्या टेबलावरच्या तातोने रविवारच्या शर्यतीत सगळ्यांना धूळ चारली. इंजिन आमच्याकडे घासलेलं. आठवडाभर त्याने मला हरभऱ्याच्या झाडावर चढवलं. आणि मी चढलो की हो, चांगला शेंड्यापर्यंत!

त्याच आठवड्यात एल्पिदिओ इंजिन घेऊन आला. हा पाववाला. भल्या सकाळी सायकलीवर मोठं खोकं भरून वरच्या वस्तीत गरम पाव पोचवायचा. वय साठीचं, गुडघे गेलेले, म्हणून इंजिन बसवलेलं. त्याला शर्यत नको होती. चढावर जरा जोर मिळावा, एवढंच म्हणणं.

मिग्दालियाने बघितलं आणि मला सांगितलं, "याच्या धुराच्या खिडकीची वरची कड घासून अजिबात उचलू नकोस. कड वर गेली की इंजिन सपाटीवर पळेल आणि चढावर मरेल. हा पाव वर नेतो. नुसतं गुळगुळीत करू. मी पाल्माहून आले की करते." तिची वहिनी त्या गावात आजारी होती, म्हणून मिग्दालिया दोन दिवसांसाठी तिकडे गेली.

सांगितलं ते बरोबर होतं. म्हणूनच मला राग आला. सगळी गल्ली मला उस्ताद म्हणते आणि घरात मला शिकवणी! ती गेली आणि मी तिचं यंत्र काढलं. कागद नाही, माप नाही. तातोच्या इंजिनाची कड कशी उचललेली होती ते डोळ्यांसमोर होतं, तशीच उचलली. ती यायच्या आत एल्पिदिओला बोलावून सिलिंडर देऊनही टाकलं. तिला सांगितलं, त्याला घाई होती, जरासं पुसून दिलं.

चौथ्या दिवशी एल्पिदिओ ओट्यापाशी आला. सायकल ढकलत. शर्ट घामाने अंगाला चिकटलेला, खोक्यात निम्मे पाव तसेच. भांडला नाही. म्हणाला, उस्ताद, सपाटीवर विमान आहे हो, पण चढ लागला की धापा टाकून गप्प होतं. तीन दिवस मी ढकलत वर जातोय. पोचेपर्यंत पाव गार, आणि लोक दुसऱ्याकडून घ्यायला लागलेत. असंच चाललं तर मला हे बंद करावं लागेल.

टेबलावर चौघे होते. तातो हातातले ठोकळे खाली ठेवून माझ्याकडे बघत होता. आतून मिग्दालियाचा आवाज येत होता, ती कुणाची तरी नखं करत होती. घराच्या खिडकीच्या लाकडी पट्ट्या उघड्या होत्या, हे मला माहीत होतं. माहीत असून मी म्हणालो, "मी घरी नव्हतो. माझ्या बायकोने हात घातला त्यात."

मग जे हसले! तातो म्हणाला, वहिनींनी पिस्टनला लाल रंग लावला नाही हे नशीब समज. दुसरा म्हणाला, एल्पिदिओ, आता पावांनाही पॉलिश मारून घे. मीही हसलो. ते हसू आठवलं की आजही जीभ उपटून फेकावीशी वाटते.

आतलं बोलणं थांबलं होतं. मिग्दालिया बाहेर आली, हात पुसत. माझ्याकडे तिने बघितलंच नाही. एल्पिदिओला म्हणाली, सिलिंडर काढून ठेवा, शुक्रवारी या. एवढंच बोलून आत गेली आणि गिऱ्हाइकाचा अर्धवट राहिलेला हात पुरा केला.

संध्याकाळी तिने वहीचं पान गुंडाळून आत घातलं. पेन्सिल फिरवली. मी दारात उभा. तिने विचारलं, किती उचललीस? मला सांगता येईना, मी मोजलंच नव्हतं. तिने पट्टी लावली. दीड मिलिमीटर.

"अकरा वर्षांत चारचौघांत पहिल्यांदा माझं नाव घेतलंस," ती म्हणाली. आणि पट्टी पुसून ठेवली. भांडी फेकली असती तर बरं वाटलं असतं.

गेलेला धातू परत येत नाही, पण तिने वाट काढली. कड खाली येत नाही तर अख्खं सिलिंडरच खाली आणायचं. लेथवाल्याकडे जाऊन सिलिंडरचा तळ दीड मिलिमीटर कापून घेतला. सिलिंडर खाली आलं की पिस्टन वर डोकं आपटणार, म्हणून तेवढ्याच जाडीची तांब्याची चकती कापून सिलिंडरच्या वरच्या झाकणाखाली बसवली. पेट्रोलच्या खिडक्या त्यामुळे खाली गेल्या, त्या एकेक घासून परत जागेवर आणल्या. धुराची खिडकी मूळ होती तिथे आली. तीन दुपारी गेल्या. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं आणि मला तर सुचलंच नसतं.

शुक्रवारी एल्पिदिओ घेऊन गेला. सोमवारी परत आला तो इंजिन चालू ठेवून, चढ चढून, पावांच्या खोक्यासकट, थेट टेबलापाशी. कापडात गुंडाळलेला गरम पाव त्याने माझ्या हातात ठेवला आणि माझे दोन्ही हात धरले. म्हणाला, उस्ताद, तुम्ही मला वाचवलंत. दारात मिग्दालिया उभी होती. तिच्याकडे वळून, अगदी मायेने हो, तो म्हणाला, "वहिनी, मनाला लावून घेऊ नका. चूक कुणाच्याही हातून होते. निस्तरणारा घरात आहे, हे भाग्य."

ती म्हणाली, हो ना. आणि आत गेली.

माझ्याने राहवेना. मी उभा राहिलो आणि सगळं ओकून टाकलं. बिघडवलं मी. ती घरी नव्हती, मी होतो. दुरुस्त तिने केलं. तातोचं तिनेच केलंय. अकरा वर्षांत या गल्लीत पळालेलं एकूणएक इंजिन तिने घासलंय, मी फक्त इथे बसून ठोकळे लावलेत.

बोललो आणि वाटलं, आता थुंकतील तोंडावर. थुंकले असते तर पाय धरले असते. पण तातो उठला, त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि बाकीच्यांना म्हणाला, "ऐकलंत? बायकोला कुणी हसू नये म्हणून हा माणूस आपली अकरा वर्षांची कीर्ती तिच्या पदरात टाकतोय. नवरा असावा तर असा."

एल्पिदिओच्या डोळ्यांत पाणी. म्हणाला, माझ्या बापाने असं कधी केलं नसतं. मी ओरडून सांगितलं की अरे गाढवांनो, हे खरं आहे! जितका ओरडलो तितका मी त्यांना थोर वाटायला लागलो. शेवटी कुणीतरी माझ्यासाठी रम मागवली.

आत जाऊन मी तिला म्हणालो, बाहेर चल. टेबल ओट्यावर मांडू, तू त्यांच्या डोळ्यांसमोर घास, मग बघू कोण मानत नाही ते.

ती यंत्राची वायर गुंडाळत होती. म्हणाली, "खोटं तू बोललास आणि परीक्षा मी द्यायची?"

पण मी सांगणं सोडलं नाही. पुढे दोन-तीन महिने जो भेटेल त्याला सांगत सुटलो. न्हाव्याला सांगितलं, लेथवाल्याला सांगितलं, तिच्या भावाला सांगितलं. लेथवाला तरी मानेल असं वाटलं होतं, सिलिंडर घेऊन तीच तर गेली होती त्याच्याकडे. तो म्हणाला, मापं तुमचीच होती ना कागदावर, उस्ताद? आता बायका आमच्या गल्लीत आपापल्या नवऱ्यांना माझं उदाहरण देतात.

एकदा मी असाच घरी येऊन सांगायला लागलो की आज अमक्याला सांगितलं. मिग्दालियाने कॉफीची कपबशी खाली ठेवली. "बास कर आता," ती म्हणाली. "दर वेळी माझ्यासाठी म्हणून सांगतोस आणि दर वेळी तूच मोठा होऊन घरी येतोस."

तेव्हापासून मी गप्प आहे. काम चालू आहे. काम तिला आवडतं, ते तिने माझ्यासाठी कधीच केलं नव्हतं, हेही मला उशिराच कळलं. फक्त घासायला बसताना खिडकीच्या पट्ट्या आता ती स्वतः बंद करून घेते.

परवा पाल्माहून एक तरुण शेतकरी आला, डोंगरातून कॉफीची पोती आणणारा. सिलिंडर माझ्या हातात देताना त्याने घरात नजर टाकली आणि आवाज खाली आणून म्हणाला, "उस्ताद, तुम्ही स्वतःच करा हं. वहिनींना देऊ नका."

मी बरं म्हणालो. आत जाऊन सिलिंडर तिच्या टेबलावर ठेवलं.

"काय म्हणाला?" तिने विचारलं.

"चढावरचं काम आहे म्हणाला," मी सांगितलं, आणि ती वहीचं पान फाडायला लागली.