नोटिशीच्या शेवटी लोभ असावा

त्या वर्षी मला टायपिंगचं वेडच लागलं होतं. मराठी तीसची परीक्षा द्यायची होती, त्यामुळे मी जेवताना ताटावरसुद्धा बोटं आपटायचे. आई म्हणायची, "अगं, पोळी खा, वाजवू नकोस!" ऐंशीनंतरची गोष्ट ही, नाशिकरोडची.

आमच्या तीन खोल्या. रस्त्याकडची, वेगळ्या दाराची खोली भाड्याने दिलेली. भाडेकरू निफाडकडचा, एकटा, एकलहऱ्याला वीज केंद्रात ठेकेदाराकडे कामाला. घरात आम्ही त्याला 'एकलहरेवाले'च म्हणायचो. ठेकेदाराचं काम थांबलं आणि भाडंही थांबलं. पाच महिने! वडील शाळेत क्लार्क, आणि इतके भिडस्त की भाडं मागायला जायचे आणि त्याच्याकडे चहा पिऊन यायचे.

"काय म्हणाला?" आई विचारायची.

"साखर जास्त झाली होती."

असंच चाललं असतं. पण ताईचं पत्र आलं. सातवा लागलाय, बाळंतपणाला येतेय. झालं! आता प्रश्न भाड्याचा राहिलाच नाही, खोलीचा झाला. मधल्या खोलीत आम्ही तिघं झोपायचो, मागे स्वयंपाकघर. बाळ-बाळंतीण ठेवायची कुठे?

आई म्हणाली, "अहो, तुमच्याने बोलवत नाही ना? मग लेखी द्या."

वडिलांनी जन्मात कुणाला नोटीस दिली नव्हती. मी तर उडीच मारली, मी टाइप करते म्हणून! वडील सांगत गेले, मी वहीत लिहून घेतलं. आपण पाच महिने भाडे दिलेले नाही. आम्हास खोलीची गरज आहे. तरी पंधरा दिवसांत खोली रिकामी करावी. कळावे.

इथे वडील थांबले. "बास. कळावे, एवढंच. नोटीस आहे ती."

दुसऱ्या दिवशी क्लासला मशीन मिळालं आणि काय सुटले मी! एक खाडाखोड नाही, समास सरळ, कार्बन लावून दोन प्रती. वडिलांनी न वाचताच सही केली. त्यांना तो कागद डोळ्यांसमोर नकोच होता. "तूच देऊन ये," म्हणाले. मी दाराखालून सरकवला आणि पळाले.

संध्याकाळी एकलहरेवाले दारात. हातात तोच कागद.

"भाऊसाहेब, एक विचारू का?"

"विचारा ना." वडील आधीच उठून उभे.

"वर लिहिलंय, खोली रिकामी करा. खाली लिहिलंय, लोभ असावा. मी नेमकं काय करू?"

वडिलांनी कागद घेतला. मी मागून डोकावले. 'कळावे, लोभ असावा, ही विनंती.' अगं बाई! क्लासमध्ये सरावाचं पत्र मी रोज दहादा बडवायचे, 'कळावे' आलं की बोटं आपोआप पुढे जायची!

"पोरीची चूक झाली," वडील म्हणाले. मग कागद त्याला परत देत, "पण खोटं नाही काही त्यात."

आई पटकन पुढे आली. "लोभ राहू द्या, खोली तेवढी द्या. थोरली येतेय, सातवा लागलाय तिला."

"हे मला कोणी सांगितलंच नाय," तो म्हणाला. "भाऊसाहेब यायचे, चहा प्यायचे, जायचे. मागत का नाय, म्हणून लय जीव टांगणीला लागायचा."

"मागितलं असतं तर दिलं असतं का?"

"नाय वहिनी, होतंच कुठं? पण बोलून मोकळं तरी झालो असतो."

दहाव्या दिवशी तो गेला, गावाकडे द्राक्षाच्या कामाला. त्याआधी दोन दिवस त्या बाजूने चुन्याचा वास येत होता. आम्हाला वाटलं शेजारी रंग काढतायत. जाताना त्याने किल्ली त्याच नोटिशीत गुंडाळून वडिलांच्या हातात दिली. 'लोभ असावा'च्या पुढे पेनने लिहिलं होतं, 'आहे.'

भाडं राहिलं ते राहिलंच.

ताई आली आणि आल्या आल्या त्या पांढऱ्याशुभ्र भिंतीला टेकून बसली. उठली तर पाठ, वेणी, सगळं पांढरं! आई पदराने झटकत म्हणाली, "गेला बाई आम्हाला चुना लावून," आणि स्वतःच इतकी हसत सुटली की वडीलसुद्धा हसायला लागले.